मनगटातली चिमणी

आलुबुखारे पिकण्याच्या दिवसांत लागलेली झड अखेर उघडली, आणि त्या सकाळी सगळ्या वस्तीने आपापली अंथरुणं उन्हात काढायचं ठरवलं. थाओ रुइचिन उठली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी कोरडी होती. कितीतरी दिवसांत तिने ती कोरडी पाहिली नव्हती. रात्रीच्या भातावर तिने उकळतं पाणी ओतलं, खारवलेल्या सोया-पनीरची बरणी उघडली, जेवणाच्या काड्यांनी दोन तुकडे बशीत घेतले, बरणीच्या काठावर ओघळलेला लाल रस बोटाने पुसला आणि ते बोट नळाखाली धरलं. तिचा नवरा, लाओ फान, मोरीत घसा साफ करत होता. तांदळाच्या दारूच्या कारखान्यात रांजणांची तोंडं मातीने लिंपण्याचं काम तो आयुष्यभर करत आला होता, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्याच्या आवाजातून कोठाराचा घुमारा गेला नव्हता. मोरीत खाकरला तरी एखाद्या मोठ्या रिकाम्या जागेत खाकरल्यासारखा वाटे. तो बाहेर आला आणि उभ्याउभ्याच त्याने वाडगा तोंडाला लावला.

"बसून खायला काय होतं तुला?" ती म्हणाली.

"बसलं की तू बोलायला लागतेस."

"उभा राहिलास म्हणून मी गप्प बसले का?"

"नाही. पण पळायला सोपं जातं."

मग त्याने बांबूच्या काठ्या खांद्यावर घेतल्या, तिने रजया छातीशी कवटाळल्या, आणि दोघं जिना उतरून अंगणात आली. कापराच्या झाडांच्या मधली जागा खालच्या मजल्यावरच्या छ्यूकाकूने आधीच आपल्या गाद्यांनी अडवून ठेवली होती. लाओ फानने तिच्याशी नेहमीचा वाद घातला, नेहमीसारखा हरला, आणि भिंतीच्या कडेने काठ्या लावल्या. दमट कापडांचा, डांबरगोळ्यांचा आणि कालव्यावरून येणाऱ्या शेवाळाचा एकच वास अंगणभर पसरला होता. रुइचिन रजई झटकत असताना त्याने हात झाडला आणि म्हणाला, "लागलं काहीतरी."

बांबूचं कुसळ होतं, अंगठ्याच्या मांसल भागात शिरलेलं. तिने गळ्यातल्या किल्लीला अडकवलेली पिन काढली, त्याचा हात उन्हाकडे वळवला आणि कुसळाच्या टोकाखालची कातडी हलकेच उचलली. "हलू नकोस." "मास्तरीणबाई, हा हात आहे, फळा नव्हे." तो छ्यूकाकूकडे बघून हसला. हात स्थिर राहावा म्हणून रुइचिनने डाव्या हाताने त्याचं मनगट खालून धरलं, आणि तिच्या तीन बोटांनी आपापली जागा शोधली. तिने ती तिथे ठेवली नव्हती. बोटं आपणहून गेली, एकाशेजारी एक, हाडाच्या उंचवट्याला मधलं बोट, जशी पूर्वी ठेवायला शिकवलेली होती तशी. आणि त्याच्या जाड, मातीने आणि वर्षांनी टणक झालेल्या कातडीखाली तिला लागलं: भराभर तीन ठोके, एकमेकांना चिकटून, मग काही नाही. मग एक. मग पुन्हा काही नाही, इतका वेळ की तिचं स्वतःचं काळीज थांबलं असं तिला वाटलं. मग चार-पाच, घाईघाईने, कुणाची तरी चाहूल लागावी आणि उरलेले दाणे उचलून घ्यावेत तसे.

कुसळ निघालं. "झालं?" त्याने विचारलं. "झालं," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात गरम भांडं सोडावं तसा सोडला. तो पुन्हा काठ्यांकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचाच रंग होता, चालण्यात नेहमीचाच डौल. अंगणात कुणीतरी काठीने गादी बडवत होतं, आणि तो आवाज मात्र अगदी सारख्या अंतराने येत होता.

अर्ध्या शतकाहून जास्त काळ रुइचिनने कुणाच्या मनगटावर अशी बोटं ठेवली नव्हती. माध्यमिक शाळेत तिने रसायनशास्त्र शिकवलं होतं. आम्ल आणि अल्क, क्षार आणि पाणी, जे मोजता येतं ते. मुलीला ताप आला तरी तिने थर्मामीटर लावला, हात धरला नाही. त्यामागे काही आहे हे लाओ फानलासुद्धा तिने कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच, असं ती स्वतःला समजावत आली होती. एक लहान मुलगी होती, तिला एक प्रश्न विचारला गेला, आणि तिने बरोबर उत्तर दिलं. एवढंच.

तिचे बाबा कालव्याकाठच्या एका गावात वैद्य होते. जुनी पुस्तकं जाळली जात होती ती वर्षं. त्यांचीही पुस्तकं अंगणात जळाली, आणि जाळायला आलेल्या पोरांपैकी एकाला त्यांनीच आदल्या हिवाळ्यात तापातून उठवलं होतं. तो पोरगा पानं आगीत टाकताना त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. त्यानंतर बाबांच्या डोक्यात जे उरलं होतं तेवढंच उरलं. ते रुइचिनला द्यायचं त्यांनी ठरवलं, कारण कागदावर उतरवलेलं पुन्हा जळेल, पोरीची बोटं कोण जाळणार. संध्याकाळी दार लावून ते तिला नाड्यांची नावं सांगत. वर तरंगणारी, खोल बुडालेली, तंतूसारखी ताठ, मण्यासारखी घरंगळणारी. आणि सगळ्यांच्या शेवटी, आवाज खाली आणून, त्या मोजक्या विचित्र नाड्या, ज्या लागल्या की वैद्याने औषधाची पुडी बांधू नये, घरच्यांना बाजूला घ्यावं आणि घरी जावं: गळक्या छपराचा थेंब, पाण्यात शेपूट हलवून दिसेनासा होणारा मासा, उसळी मारणारी कोळंबी, आणि दाणे टिपणारी चिमणी. तीन-चार वेळा चोच, मग थांबणं, मग पुन्हा चोच. मुलीला ती नावं गोष्टीतल्यासारखी आवडत. भांडी घासताना ती नावं ती गुणगुणे. मनगटं मात्र सरावासाठी दोनच होती, बाबांचं आणि आईचं, आणि बाबांची नाडी कंटाळवाणी होती.

त्या संध्याकाळी आई मासे साफ करत होती. हातांना खवले चिकटलेले तसेच तिने बाही वर केली आणि कापसाच्या छोट्या उशीवर मनगट टेकलं. "लवकर आटप पोरी, मांजर दारात बसलंय," ती म्हणाली. रुइचिनने बोटं ठेवली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने ते उघडून अगदी खणखणीत आवाजात सांगितलं, "बाबा, आईच्या हातात चिमणी टिपतेय." बाबांनी स्वतः बोटं ठेवली. यानंतर जे झालं ते इतकं क्षणिक होतं की पुढे सगळं आयुष्य रुइचिनला ते खरंच पाहिलं का याची खात्री करून घ्यावी लागली. बाबांचा चेहरा आधी उजळला. शिष्याने अवघड नाडी ओळखली याचा तो आनंद होता, निखळ, गुरूचा आनंद. आणि मग तोच चेहरा, तसाच उजळलेला असताना, हळूहळू विझला. "काय निघालं?" आईने विचारलं. "काही नाही," बाबा म्हणाले, "पोरीचा हात चांगला आहे."

आईला कुणी काही सांगितलं नाही. पण महिनाअखेर कापड आलं, निळं आणि काळं, बाबांनी कुठून कुठून कापडाची रेशनकुपनं गोळा करून आणलेलं; आणि गावात आईइतकं चांगलं शिवणारं कुणी नसल्यामुळे तिनेच ते शिवायला घेतलं. गुंडी नाही, सगळे बंद. एकावर एक घालायचे, विषम संख्येचे थर. म्हातारी माणसं आपले मरणाचे कपडे आधीच शिवून ठेवत, पण इतक्या कमी वयात कुणी ते शिवत नसे. शेजारणी येत, बघत, गप्प होऊन जात. आई दातांनी दोरा तोडत म्हणे, "जरा सैलच ठेवते गं. पडून पडून माणूस जाडं होत असेल." त्यानंतर बाबांनी तिच्या मनगटाला हात लावला नाही. एकदाही नाही. रुइचिनलाही शिकवणं बंद झालं. संध्याकाळी दार उघडंच राहू लागलं. मरणारी मरेना. दिवस गेले, वर्ष गेलं, मग कितीतरी वर्षं गेली. बाबा चुकले असं म्हणायचं तर जळालेली सगळी पुस्तकं चुकली असं म्हणावं लागलं असतं, आणि जवळ उरलेलं तेवढंच होतं. म्हणून ते वाट पाहत राहिले. घरात भांडण होईनासं झालं. आईने भातात खडे ठेवले तरी बाबा निमूट जेवत. माशाच्या गालाचं मऊ मांस तिच्या वाडग्यात पडे. पाहुण्याशी वागावं तसं सगळे तिच्याशी वागत, आणि ती पाहुण्यासारखी जेवणाच्या टेबलाच्या कडेला बसू लागली, अर्धी खुर्ची मोकळी सोडून, कधीही उठून जायचं आहे अशी. दरवर्षी झड संपली की ती ते कपडे पेटीतून काढून उन्हात घाली. एकदा त्या निळ्या बाह्यांच्या मागे उभी राहून तिने बाबांना म्हटलेलं रुइचिनने ऐकलं होतं. अगदी शांतपणे, मीठ मागावं तसं: "एकदा तरी माझ्याशी भांड ना."

मग एका हिवाळ्यात तिच्या अंगावरून वारं गेलं. तांदूळ निवडता निवडता सूप हातून सुटलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द गेले. रुइचिन तेव्हा शहरात शिकवत होती. ती धावत गेली. तालुक्याच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टराने आईच्या छातीला बराच वेळ नळी लावली आणि विचारलं, "यांचे ठोके असे वेडेवाकडे कधीपासून पडतात? आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं?" बाबा म्हणाले, "नाही." रुइचिन त्यांच्या शेजारी उभी होती. तीही काही बोलली नाही. आई पलंगावरून दोघांकडे बघत होती, एक डोळा अर्धवट मिटलेला, एक पूर्ण उघडा. तिला ऐकू येत होतं. डॉक्टर पुढे म्हणाला की हृदय असं थरथरतं तेव्हा रक्त आत साकळतं आणि त्याची गुठळी डोक्याकडे जाते. आधी कळलं असतं तर काही करून बघता आलं असतं, निदान काहीतरी. माणूस त्या ठोक्यांनी मरत नाही, असं तो म्हणाला. त्या ठोक्यांनिशी पुष्कळ जगतो. तेच वाक्य रुइचिनला कायमचं लागलं. आई पुष्कळ जगली होती, आणि ते जगणं तिला कुणी दिलं नव्हतं.

हे सगळं तिला ठाऊक होतं. म्हणजे लाओ फानच्या मनगटात जे लागलं त्याचा अर्थ तिला बाबांपेक्षा जास्त ठाऊक होता. वस्तीतल्या कालव्याकाठच्या रस्त्याने सकाळी चालणारी माणसं ती रोज पाही: एक हात कोंबडीच्या पंखासारखा छातीशी दुमडलेला, एक पाय फरशीवर ओढला जाणारा. छ्यूकाकूचा नवरा चाकाच्या खुर्चीत बसून तासन्‌तास झाडाकडे बघे आणि मधेच काही कारण नसताना रडे. यांच्यातल्या किती जणांच्या मनगटात आधी टिपलं गेलं असेल, आणि ते कुणाच्याच बोटाला लागलं नसेल. वाढलेल्या रक्तदाबाची, साखरेची चर्चा बाकांवर रोज होई, आकडे एकमेकांना ऐकवले जात. या आजाराला मात्र आकडा नव्हता आणि दुखणंही नव्हतं. ज्याला होतं त्यालाच त्याचा पत्ता नसे. तेव्हा नवऱ्याला सांगायचं, इस्पितळात न्यायचं, एवढं साधं होतं. पण सांगायला म्हणून ती तोंड उघडी आणि तिला आतून तो खणखणीत लहान आवाज ऐकू येई. एकदा ते वाक्य तिने उच्चारलं होतं आणि त्या वाक्यानंतर एक जिवंत बाई घरात मेलेल्यासारखी वावरू लागली होती. उच्चारलं नाही तर कदाचित ते नसेलही. दुपारी तो झोपला की ती त्याच्या शेजारी बसे आणि लोंबणाऱ्या हाताला बोटं लावी. कधी नाडी सरळ चाले, शहाण्या मुलासारखी, आणि रुइचिनला घाम फुटेपर्यंत हलकं वाटे. कधी चोच सुरू होई.

तिच्या वागण्यात काही बदललं आहे हे तिला कळण्याआधी त्याला कळलं. रात्रीच्या जेवणाला तिने दारू गरम करून दिली आणि दुसरं भांडं भरतानाही काही बोलली नाही. वाळवलेल्या मोहरीच्या पाल्यात शिजवलेल्या मांसाचे चरबीचे तुकडे तिने त्याच्या बाजूला सरकवले. त्याने काडी मधेच थांबवली.

"काय झालंय?"

"कुठे काय?"

"तू मला ओरडत नाहीयेस."

"ओरडण्यासारखं काही केलंस का?"

"मी पायमोजे टेबलावर ठेवलेत. हे बघ. मुद्दाम ठेवलेत, सकाळपासून." तो खरोखरच काळजीत दिसत होता. "परवा जुगारात हरलो ते सांगितलं, तर म्हणालीस, असू दे. मास्तरीणबाई, लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द मी तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकला."

शेनझेनहून मुलीचा, शाओकेचा, फोन आला तेव्हा त्याने तो तिच्या आधी उचलला. "तुझी आई सभ्य झालीय," तो फोनमध्ये म्हणाला. "नाही, थट्टा नाही. 'घे' म्हणते, 'जप' म्हणते. काल मला विचारलं, काय खावंसं वाटतंय. मला भीती वाटते गं. मला वाटतं ही मला सोडून चाललीय, नाहीतर मी तरी." पलीकडे मुलगी हसत होती. रुइचिन स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. तिच्या समोरच्या थाळीत उकडलेला मासा होता, आणि त्याच्या गालाचं मांस तिने आधीच काडीने सोडवून बाजूला, त्याच्या वाडग्यात ठेवलेलं होतं. ते तिने ठेवलेलं तिला आठवेना. ती त्या पांढऱ्या कणाकडे पाहत राहिली. मग तिला जाणवलं की खोलीत आणखी कुणीतरी आहे, टेबलाच्या कडेला, अर्धी खुर्ची मोकळी सोडून बसलेलं, आणि ते तिच्याकडे नाही, लाओ फानकडे बघत आहे, नव्या पाहुण्याला जागा करून देताना बघावं तसं. तिने मागे वळून पाहिलं नाही. गालाचं मांस तिने परत थाळीत टाकलं, आणि त्यामुळे काहीच बदललं नाही.

भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत ती सहसा जात नसे. त्या दिवशी मुख्य रस्ता खणलेला होता म्हणून गेली, हातात पालेभाजी आणि जिवंत गोगलगाईंची पिशवी घेऊन. गल्लीत मेलेल्यांसाठी जाळायच्या कागदी नोटांची, अगरबत्त्यांची दुकानं होती, आणि शेवटच्या दुकानाबाहेर कपडे टांगलेले: निळे, तपकिरी, काळे, बंदांचे. ती थांबली. नुसती पाहायला, असं तिला वाटलं. आता यंत्रावर शिवतात, टाके किती मोठे घेतात, आईने हे हातात धरलं नसतं. दुकानातून एक बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत बाहेर आली.

"या ताई. घरात कुणी मोठं आहे, की आपल्यासाठीच करून ठेवताय? आता बरेच जण आधीच करून ठेवतात. निश्चिंती असते."

रुइचिनने एका बाहीचा टाका बोटाने चाचपला.

"बाईमाणूस की पुरुष?"

"पुरुष."

"उंची?"

"फार नाही. पण खांद्यात रुंद आहे," रुइचिन म्हणाली. "बाही थोडी आखूड लागेल. उजवा हात कामाने जाड झालाय."

बाईने मान डोलावली आणि टेप काढायला आत वळली. रुइचिनच्या कानात तिचाच आवाज घुमत राहिला. मापं सांगणारा, नेमका, जबाबदार आवाज, कुपनं गोळा करणाऱ्या माणसाचा. त्या आवाजात दुःख नव्हतं. त्यात आधीच आवरून ठेवलेलं दुःख होतं. लाओ फान या घटकेला अंगणात छ्यूकाकूशी पत्ते खेळत असेल, चोरून पान बदलत असेल, आणि इथे त्याच्या बाहीची लांबी ठरत होती. बाई टेप घेऊन आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी फक्त एक पाठमोरी बाई चालताना दिसत होती, वयाला न शोभेल इतक्या भराभर.

तरीही घरी पोचल्यावर तिने खरं सांगितलं नाही. "पासष्टीच्या वरच्यांची फुकट तपासणी आहे," ती म्हणाली. "उद्या जायचं." लाओ फानला इस्पितळाचा कंटाळा होता, पण फुकटपणाचं आकर्षण मोठं होतं. "फुकट आहे तर सगळं तपासून घेऊ," तो म्हणाला, "दातसुद्धा." अर्धं पाऊल टाकलं होतं हे तिला कळत होतं. बाबांनीही अर्धं टाकलं होतं. कापड आणलं होतं, कशाला ते सांगितलं नव्हतं.

इस्पितळात त्याला पलंगावर निजवून छातीला, हातापायांना तारा लावल्या. तो परिचारिकेला म्हणाला की रांजणावरसुद्धा आम्ही इतक्या खुणा करत नव्हतो, आणि ती हसली. कागदाची पट्टी यंत्रातून सरकत बाहेर आली. पडद्याच्या फटीतून रुइचिनला ती दिसली: टोकदार रेघा, काही एकमेकींना खेटून, काही एकट्या, मधे मोकळं मैदान, आणि त्या मैदानात सतत एक बारीक थरथर, वाऱ्याने पाण्यावर उठावी तशी. तिने आयुष्यात पहिल्यांदाच ती चिमणी डोळ्यांनी पाहिली. ती इतकी लहान होती.

डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं, टेबलावर थंड झालेला चहा. तिने दारातून बाहेर पाहिलं आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "फानआजोबांच्या घरचं कोण? तुम्ही आत या आजी. आजोबा, तुम्ही जरा बाहेरच बसा." लाओ फान मान हलवून बाकावर बसला, त्यालाही यात काही वावगं वाटलं नाही. दार लागलं.

"बसा आजी. घाबरू नका," डॉक्टर म्हणाली. "हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. म्हणून ठोके बेताल आहेत. तेवढ्याने जीव जात नाही. भीती गुठळीची आहे, अंगावरून वारं जाण्याची. त्यासाठी रोज एक गोळी, रक्त न साकळण्याची, आणि ती कायम. दारू सोडायला हवी. हिरड्यांतून रक्त आलं, काळी शी झाली, तर लगेच यायचं." ती थांबली, आणि आवाज थोडा खाली आणला. "आजोबांना एवढं सगळं सांगू नका. या वयात माणसं धसका घेतात, जेवण सोडतात. ताकदीची गोळी आहे म्हणून द्या. बऱ्याच घरांत तसंच करतात."

रुइचिनने विचारलं, "आणि त्याने ती सोडली तर?"

"म्हणजे?"

"ताकदीची गोळी माणूस बरं वाटलं की सोडतो. त्याला तर आत्ताही बरंच वाटतंय."

डॉक्टरने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही आहात ना लक्ष ठेवायला," ती म्हणाली.

लक्ष ठेवायला. रुइचिनच्या डोळ्यांसमोर ती वर्षं उभी राहिली, मागची नव्हे, पुढची: ती गोळी हातावर ठेवते आहे आणि तो घेतो का ते पाहते आहे, तो हसतो आहे आणि ती त्याच्या ओठांचा कोपरा पाहते आहे, तो झोपला आहे आणि तिची बोटं. तो जगेल, कदाचित पुष्कळ जगेल, आणि त्याच्या जगण्यावर सतत कुणाची तरी नजर असेल, जिचं कारण त्याला माहीत नसेल. तो विचारील, काय झालंय, आणि ती म्हणेल, कुठे काय. एका माणसाचं मरण दुसऱ्याने सांभाळायचं, दडवायचं, वेळोवेळी ऊन दाखवायचं. यात दुष्टपणा नव्हता. बाबांच्या मनातही नव्हता, या दमलेल्या मुलीच्या मनातही नाही. सगळे प्रेमानेच दार लावून घेत होते.

"डॉक्टर, जरा थांबा," ती म्हणाली आणि उठली.

दार उघडलं तेव्हा लाओ फान बाकावरच्या एका अनोळखी माणसाला यंदा खेकडे महाग का होणार ते समजावत होता.

"लाओ फान, आत ये."

"मला बाहेर बसायला सांगितलंय."

"तुझ्याबद्दल बोलणं चाललंय. तुझ्याशिवाय नको."

तो उठला, अनोळखी माणसाकडे बघून खांदे उडवले आणि आत आला. टेबलाच्या अलीकडे एकच खुर्ची होती. रुइचिनने ती त्याच्याकडे सरकवली. तो खुर्चीत पूर्ण, मागे रेलून बसला, जसा सगळीकडे बसतो. डॉक्टरच्या चेहऱ्यावर नाराजी होती की सुटकेसारखं काही, ते रुइचिनला कळलं नाही. डॉक्टर बोलायला लागली तशी रुइचिनने हात वर केला, वर्गात करायची तसा.

"आधी मी," ती म्हणाली. "तुझी नाडी बिघडलीय हे मला आधीपासून माहीत होतं. माझ्या हाताला लागली होती. मी बोलले नाही. आणि ही तपासणी फुकट नाही."

लाओ फानने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग त्याने स्वतःचा उजवा हात उचलून मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिला, दुसऱ्या कुणाचा हात आपल्याकडे सांभाळायला दिला असावा तसा.

"कधीपासून?"

"झड उघडली तेव्हापासून."

"आणि मी समजत होतो, तुला दुसरं कुणी भेटलंय," तो म्हणाला. डॉक्टरला हसू आवरलं नाही. तो मात्र हसला नाही. रुइचिनला वाटलं, आता हा उठून जाईल; तसा उठून गेला असता तरी तिने त्याला अडवलं नसतं. त्याने खुर्ची टेबलाच्या थोडी जवळ ओढली.

"वारं जाणार का माझ्या अंगावरून?" त्याने डॉक्टरला विचारलं. "छ्यूच्या नवऱ्यासारखं?"

डॉक्टरने रुइचिनकडे पाहिलं. रुइचिन खिडकीबाहेर पाहत होती.

"जाऊ शकतं, आजोबा," डॉक्टर म्हणाली. "जाऊ नये म्हणून करण्यासारखं बरंच आहे."

"मग सांगा. सावकाश सांगा, या कानाने मला कमी ऐकू येतं."

डॉक्टरने चहाचा पेला बाजूला सारला, कागदाची पट्टी त्याच्याकडे वळवली, आणि पहिल्या ठोक्यापासून सांगायला घेतलं.